'दंड भरला तर तेही लिहायचं का?'

गेल्या दिवाळीनंतरच्या आठवड्यात माझ्या भाच्याचा व्हर्जिनियाहून फोन आला आणि हिंगणा रोडवरच्या त्याच्या जुन्या हॉस्टेलचा पूर्ण पत्ता पिनकोडसह मला आठवतो का, असे त्याने विचारले. माझी बहीण आणि मेहुणे तेव्हा चंद्रपूरला राहत असल्यामुळे त्याच्या नावाचा खाऊचा डबा महिन्यातून एकदा तिथे पोचवणारी मीच होते, आणि त्यामुळे पत्ता मला तोंडपाठ होता. तो उतरवून घेतल्यावर त्याचा आवाज खाली आला. "मावशी, आता खरं विचारायचं ते विचारतो. आई बाजूला नाही ना?"

हा मुलगा जन्माने अमेरिकन नागरिक आहे. मेहुण्यांची नोकरी न्यू जर्सीत असताना १९९४ साली त्याचा जन्म झाला, चौथ्या वर्षी तो नागपुरात आला, इथेच शिकला आणि २०१६ साली परत गेला. आता तिथल्या संरक्षण खात्याचे संगणकीय काम करणाऱ्या एका खासगी कंपनीने त्याला घेतले होते आणि त्या कामासाठी त्याला 'सिक्युरिटी क्लिअरन्स' लागणार होता, म्हणजे सरकारची गोपनीय माहिती हाताळण्याची परवानगी. ही परवानगी कोणालाही स्वतःहून मागता येत नाही. सरकारी खाते किंवा सरकारचे कंत्राट असलेली कंपनी आपल्या माणसासाठी प्रक्रिया सुरू करते आणि मग त्या माणसाला 'एसएफ-८६' नावाचा शंभराहून अधिक पानांचा फॉर्म भरावा लागतो. त्यात मागील दहा वर्षांतले राहण्याचे सगळे पत्ते द्यायचे असतात, म्हणून त्याला हॉस्टेलचा पत्ता हवा होता. पण तो अडला होता तेविसाव्या विभागापाशी. गेल्या सात वर्षांत तुम्ही कोणताही अमली पदार्थ बेकायदा घेतला आहे का, असे तिथे सरळ विचारलेले आहे.

त्याने जे सांगितले ते असे. कॉलेजच्या शेवटच्या दोन वर्षांत हॉस्टेलच्या गच्चीवर मित्रांबरोबर त्याने काही वेळा गांजा ओढला होता. नंतर अनेक वर्षे काही नाही, आणि मग २०२२च्या जुलैमध्ये डेन्व्हरला सहलीला गेला असताना मित्रांनी दुकानातून आणलेला गांजा लागोपाठ दोन रात्री. कोलोराडो राज्यात २०१४पासून प्रौढांना तो परवानाधारक दुकानातून उघडपणे विकत घेता येतो. त्यामुळे तिथे आपण काही गुन्हा करतो आहोत असे त्याच्या मनातही आले नव्हते.

बहिणीला हे कळायचे ते कळलेच, कारण त्यानेच दुसऱ्या दिवशी तिला सांगितले. ती मनीषनगरहून रिक्षा करून थेट माझ्याकडे प्रतापनगरला आली आणि चप्पल काढता काढताच म्हणाली, "ताई, काहून सांगून राहिला तो हे? ना कुठे पकडला गेला, ना पोलिसात नाव. कोणाला कळणार आहे? तू समजाव त्याला." तिच्या जागी कोणतीही आई हेच म्हणाली असती, आणि मी तिला त्याबद्दल एका शब्दानेही बोलले नाही. पण मी एका केंद्रीय आस्थापनेच्या कार्यालयात सव्वीस वर्षे आस्थापना शाखेत काढली आहेत, नव्याने लागलेल्या मुलांचे साक्षांकन फॉर्म, म्हणजे स्वतःच्या पूर्ववृत्ताची माहिती सहीनिशी देण्याचे फॉर्म, तपासणे हे माझे रोजचे काम होते, आणि 'कोणाला कळणार आहे' या तीन शब्दांवर विसंबलेल्या मुलांचे पुढे काय होते ते मी माझ्या टेबलावरून पाहिले आहे.

आधी तिकडच्या नियमांबद्दल, कारण त्या रात्री आम्ही दोघांनी फोनवर ते ओळीने वाचून काढले. अमेरिकेत क्लिअरन्स द्यायचा की नाही हे ठरवण्यासाठी तेरा मार्गदर्शक तत्त्वे आहेत. सध्याची तत्त्वे ८ जून २०१७पासून लागू झाली आणि त्यांतले एक पूर्णपणे अमली पदार्थांबद्दल आहे. राज्याने गांजाला परवानगी दिली असली तरी केंद्रीय कायद्याने तो नियंत्रित पदार्थच आहे आणि क्लिअरन्स केंद्र सरकार देते, तेव्हा डेन्व्हरच्या दुकानाची पावती इथे उपयोगाची नाही. फॉर्मवरही तसे स्पष्ट छापलेले आहे. आज व्यसनाधीन असलेल्या किंवा आजही बेकायदा पदार्थ घेत असलेल्या माणसाला क्लिअरन्स देता येत नाही, असा त्यांचा २००८ सालचा कायदा आहे. पण पूर्वी कधी तरी घेतला होता, एवढ्यावरून दार बंद होत नाही. ते वर्तन किती जुने आहे, किती वेळा घडले, कोणत्या वयात आणि कशा परिस्थितीत घडले, ते पुन्हा घडण्याची शक्यता किती, ज्यांच्या सोबतीने घेतला त्यांच्यात हा माणूस अजून वावरतो का, आणि यापुढे घेणार नाही असे तो सही करून लिहून देतो का, या सगळ्यांचा एकत्र विचार करून संपूर्ण माणसाबद्दल मत बनवायचे असते. इतके महिने लोटले की माफ, असा ठरावीक हिशेब त्या तत्त्वांत कुठेही नाही. २०२१च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालक अॅव्हरिल हेन्स यांनी सर्व खात्यांना पाठवलेल्या पत्रातही हेच आहे की गांजाचा पूर्वीचा वापर विचारात घेण्याजोगा जरूर आहे, परंतु तेवढ्यावरच निर्णय ठरू नये.

याउलट क्लिअरन्स हाती असताना घेणे, विकणे, किंवा पुढेही घेण्याचा इरादा बोलून दाखवणे या गोष्टी फार गंभीर मानल्या जातात. माझा भाचा याच ठिकाणी घसरत होता. 'भविष्यात हा पदार्थ घेण्याचा तुमचा इरादा आहे का' या प्रश्नाला त्याने कच्च्या मसुद्यात 'बहुधा नाही' असे लिहिले होते, आणि ते प्रामाणिकपणाचे आहे असे त्याला मनापासून वाटत होते. मी त्याला विचारले की बाबा, 'बहुधा' म्हणजे काय, तू ठरवलेले आहेस की नाही? दोन मिनिटे तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "ठरवलं नव्हतं मावशी. आता ठरवतो." तो शब्द त्याने खोडला. शब्द खोडण्यापेक्षा ती दोन मिनिटे मला महत्त्वाची वाटली.

आता लपवण्याबद्दल. फॉर्मवर जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा अमेरिकेत स्वतंत्र केंद्रीय गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. याशिवाय वैयक्तिक वर्तनाबद्दलचे आणखी एक तत्त्व आहे आणि त्यात फॉर्ममधून मुद्दाम माहिती वगळणे हीच अपात्रतेची बाब धरलेली आहे. तपास अधिकारी जुन्या सहकाऱ्यांना, शेजाऱ्यांना, एका खोलीत राहिलेल्या मित्रांना भेटतात. डेन्व्हरला पाच जण गेले होते. त्यांच्यापैकी कोणी उद्या सहज खरे बोलून गेला, तर तीन वर्षांपूर्वीच्या दोन रात्री बाजूला राहतील आणि या वर्षीचे खोटे पुढे येईल. बहिणीला सगळ्यात अधिक धीर आला तो मात्र त्याच तेविसाव्या विभागातील एका वाक्याने: या विभागात दिलेली खरी उत्तरे तुमच्याविरुद्ध पुढे कोणत्याही फौजदारी कारवाईत पुरावा म्हणून वापरली जाणार नाहीत, असे सरकार तिथे लेखी कबूल करते. तिने मला ते तीन वेळा वाचायला लावले.

आपल्याकडच्या फॉर्ममध्ये असे वाक्य नाही. आपल्याकडे प्रश्नच वेगळा आहे, आणि इतकी वर्षे ते फॉर्म हाताळूनही हा फरक माझ्या नीट लक्षात आला तो भाच्याच्या निमित्ताने. आपला साक्षांकन फॉर्म गांजा ओढला का, असे विचारत नाही. तो विचारतो: तुम्हाला कधी अटक झाली आहे का, तुमच्यावर खटला चालला आहे का, स्थानबद्ध केले आहे का, न्यायालयाने दंड केला आहे का, शिक्षा झाली आहे का, परीक्षेस बसण्यास मनाई झाली आहे का, एखादे प्रकरण आज प्रलंबित आहे का. तिकडे माणसाने काय केले ते विचारतात, इकडे पोलिसांनी आणि न्यायालयाने त्याचे काय केले ते विचारतात. याचा परिणाम असा होतो की हॉस्टेलच्या बंद गच्चीवर दोन वर्षे गांजा ओढलेला माझा भाचा इथल्या फॉर्मवर सगळीकडे 'नाही' लिहून पूर्णपणे खरा ठरला असता, आणि त्याच वयाचा, पानठेल्यामागच्या अंधारात एकदाच चिलीम हातात सापडलेला मुलगा जन्मभर 'होय' लिहीत राहतो. ज्याच्याकडे बंद गच्ची नाही त्याच्यावरच हा प्रश्न पडतो. मला हे न्याय्य वाटत नाही आणि नोकरीत असतानाही वाटत नव्हते.

२००९ साली असाच एक मुलगा आमच्याकडे लागला होता. आयटीआय झालेला फिटर, वय तेवीस, हाताला ग्रीसचा वास. एकोणिसाव्या वर्षी तो तलावाकाठी तिघा मित्रांबरोबर चिलीम ओढताना पकडला गेला होता, अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २७खाली गुन्हा नोंदला गेला होता, आणि वकिलाने सांगितले म्हणून त्याने न्यायालयात गुन्हा कबूल करून दंड भरला होता. १९८५च्या त्या कायद्यात गांजाच्या सेवनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. दंडावर सुटला म्हणजे प्रकरण मिटले, अशी त्याच्या घरच्यांची समजूत होती. फॉर्म भरण्याच्या दिवशी माझ्या टेबलासमोर नऊ मुले बाकावर बसली होती. हा शेवटचा. बाराव्या रकान्याशी त्याचे पेन थांबले, कागदाला न टेकता तसेच वर राहिले, आणि त्याने विचारले, "मॅडम, दंड भरला तर तेही लिहायचं का?"

जेवणाची सुटी होत आली होती. मी मान वर न करता म्हणाले, "जे विचारलंय ते वाचून लिही." बाकीचे फॉर्म मी शिक्क्यासाठी एकावर एक लावत होते. त्याने सगळीकडे 'नाही' लिहिले. दंडाचा प्रश्न त्या रकान्यात स्वतंत्रपणे छापलेला होता; त्याच्या बोटाखालीच होता. फॉर्मच्या माथ्यावर ठळक अक्षरांत इशाराही होता की खोटी माहिती देणे किंवा खरी माहिती दडवणे ही अपात्रता समजली जाईल. पण भीतीने धडधडणारा तेवीस वर्षांचा मुलगा इंग्रजी आणि हिंदी कायदेशीर भाषेतला तो मजकूर समजून घेत नाही. तो समोर बसलेल्या बाईचा चेहरा वाचतो, आणि माझा चेहरा त्याला दिसलाच नाही.

पडताळणी जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत पोलिस ठाण्याकडे जाते. अहवाल आठ महिन्यांनी आला आणि त्यात गुन्हा क्रमांक, कलम आणि निकालाची तारीख असे सगळे होते. कारणे दाखवा नोटीस मीच टंकलिखित केली. त्याने उत्तरात लिहिले की दंड म्हणजे शिक्षा असे मला ठाऊक नव्हते. नोकरी तात्पुरत्या नेमणुकीची असल्यामुळे एका महिन्याच्या नोटिशीवर ती संपली. त्याच सुमारास दुसऱ्या एका मुलाने विसर्जन मिरवणुकीतल्या मारामारीचे प्रकरण फॉर्मवर स्वतःहून लिहिले होते, निकालाची प्रत जोडली होती. त्याची फाईल सात महिने फिरली आणि शेवटी मंजूर झाली. दोघांच्याही टिपण्या माझ्या हाताच्या होत्या. गांजामुळे पहिल्याची नोकरी गेली असे पुढे सगळे म्हणत, परंतु फाईलमध्ये गांजाबद्दल अर्धी ओळ होती आणि दडवण्याबद्दल दोन पाने.

त्या मुलाचे प्रकरण आजचे असते तर त्याला थोडी अधिक संधी मिळाली असती. दिल्ली पोलिसांत निवडल्या गेलेल्या एका तरुणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली तरुण वयातील चुकांकडे क्षमाशील नजरेने पाहण्याची भूमिका घेतली होती. त्यानंतर २१ जुलै २०१६ रोजी अवतार सिंह विरुद्ध भारत सरकार या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने या विषयातली जुनी उलटसुलट निकालपत्रे एकत्र पाहून नियम घालून दिले. माहिती खरीच दिली पाहिजे, हा पहिला. पण प्रकरण किरकोळ स्वरूपाचे असेल, त्या वेळी उघड केले असते तरी त्यामुळे माणूस त्या पदाला अपात्र ठरला नसता, तर दडवणुकीकडेही दुर्लक्ष करण्याचा अधिकार नियोक्त्याला आहे. फॉर्ममध्ये जे स्पष्ट विचारलेलेच नाही ते सांगितले नाही म्हणून कोणाला दोषी धरता येत नाही. आणि कायम झालेल्या कर्मचाऱ्याला विभागीय चौकशीशिवाय काढता येत नाही. याची दुसरी बाजूही त्याच निकालात आहे: खरे सांगितले म्हणून नेमणूक मिळालीच पाहिजे असा हक्क उमेदवाराला नाही, त्याचे पूर्ववृत्त तपासण्याचा अधिकार नियोक्त्याकडे राहतोच. पवनकुमार विरुद्ध भारत सरकार या २ मे २०२२च्या निकालात रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाच्या बाबतीत न्यायालयाने पुन्हा सांगितले की माहिती दडवली एवढ्याच कारणाने मनमानीपणे काढून टाकता येणार नाही, पद आणि प्रकरण यांचा विचार व्हायला हवा.

आणखी तीन तरतुदी आहेत, ज्या इथल्या आईवडिलांना ठाऊक असायला हव्यात असे मला कळकळीने वाटते. घटनेच्या वेळी मुलगा अठरा वर्षांखालचा असेल आणि प्रकरण बाल न्याय कायद्याखाली चालले असेल, तर २०१५च्या त्या कायद्याचे कलम २४ अशा प्रकरणामुळे येणारी अपात्रता सर्वसाधारणपणे काढून टाकते. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २७खाली दोषी ठरलेल्याला १९५८च्या परिवीक्षा कायद्याचा, म्हणजे शिक्षेऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडण्याच्या कायद्याचा, फायदा मागता येतो, आणि तो मिळाला तर त्याच कायद्याच्या कलम १२प्रमाणे दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता चिकटत नाही; आमच्या त्या फिटरच्या वकिलाने हे मागितलेच नव्हते, पटकन दंड भरून मोकळे होण्याचा सल्ला दिला होता. तिसरी तरतूद अमली पदार्थविरोधी कायद्यातलेच कलम ६४अ. व्यसनी माणूस सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या प्रकरणात सापडला आणि सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात स्वेच्छेने व्यसनमुक्तीचे उपचार घेऊन त्याने ते पूर्ण केले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र हे संरक्षण काढून घेता येते. पानठेल्यामागे पकडल्या गेलेल्या मुलाला पोलिस ठाण्यात किंवा न्यायालयाच्या व्हरांड्यात हे कोणी सांगत नाही, आणि त्याच्या दंडाची पावती मात्र पुढे पंचवीस वर्षे त्याच्या मागे फिरते.

भाच्याने फॉर्म डिसेंबरात भरला. हॉस्टेलच्या गच्चीवरचे दिवस सात वर्षांच्या मर्यादेबाहेरचे असल्यामुळे त्या रकान्यात येत नव्हते. परंतु मुलाखतीत कोणी विचारलेच तर तेही जसे घडले तसे सांगायचे, असे त्याने आधीच ठरवले होते. डेन्व्हरच्या दोन रात्री तारखेसह लिहिल्या, सोबत कोण होते ते लिहिले, त्यानंतर घेतला नाही आणि घेणार नाही असे स्वतंत्र निवेदन सही करून जोडले. तपास अधिकारी फेब्रुवारीत भेटल्या. भाचा म्हणतो की त्या बाईंनी डेन्व्हरबद्दल जेमतेम दहा मिनिटे विचारले आणि नागपुरातल्या नातेवाइकांबद्दल जवळजवळ तासभर, माझ्या नोकरीबद्दलसुद्धा. निर्णय अजून यायचा आहे. तो विरुद्ध गेला तर कारणे लेखी कळवली जातात आणि त्यावर उत्तर देण्याची, न्यायाधिकाऱ्यासमोर सुनावणी मागण्याची सोय आहे, हे बहिणीला मी दर रविवारी पुन्हा सांगते.

गेल्या महिन्यात आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्यांचा मुलगा फॉर्म घेऊन घरी आला. त्याची निवड झाली आहे आणि तीन वर्षांपूर्वीचे कलम २७चे प्रकरण, दंडावर संपलेले, त्याच्याही मागे आहे. आम्ही आधी सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात जाऊन निकालाच्या प्रमाणित नकलेसाठी अर्ज केला, कारण प्रकरण क्रमांक आणि तारीख आठवणीतून लिहिण्यात चूक होते आणि चुकीची तारीखही पुढे दडवणुकीसारखी दिसते. नक्कल हातात आल्यावर तो माझ्या जेवणाच्या टेबलावर फॉर्म भरायला बसला. बाराव्या रकान्यापाशी त्याचे पेन थांबले. मी गॅस बंद केला, खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले, आणि दंडाची ती ओळ आम्ही दोघांनी मिळून मोठ्याने वाचली.